वाचक विचारतात : 'रेडियंट डॉन'ला ७८च गुण का?

मागच्या महिन्यात निन्टेन्डोच्या जुन्या गेम्सबद्दल लिहिताना मी 'फायर एम्ब्लेम : रेडियंट डॉन'वर एकच वाक्य खर्च केलं होतं. "समीक्षकांनी याला जरा कमीच मापलं," एवढंच. त्या वाक्यावर इतकी पत्रं आली की बाकीचे प्रश्न बाजूला ठेवावे लागले. काहींना मी समीक्षकांवर डाफरतेय असं वाटलं, काहींना मी फार मिळमिळीत बोलले असं वाटलं. तेव्हा या वेळचं सगळं सदर याच गेमचं.

ज्यांनी नावच ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'फायर एम्ब्लेम' ही इंटेलिजंट सिस्टिम्स या जपानी स्टुडिओची मालिका १९९० साली निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या कन्सोलवर सुरू झाली. चौकटींचा नकाशा, आधी तुमची पाळी, मग शत्रूची. तुमचे सैनिक म्हणजे नुसती प्यादी नव्हेत. प्रत्येकाला नाव, चेहरा, स्वभाव आहे आणि लढाईत पडलेला माणूस कायमचा जातो. 'रेडियंट डॉन' हा मालिकेतला दहावा गेम, २००५ साली गेमक्यूबवर आलेल्या 'पाथ ऑफ रेडियन्स'चा थेट पुढचा भाग. वी या कन्सोलवर तो जपानात २२ फेब्रुवारी २००७ रोजी आला, अमेरिकेत ५ नोव्हेंबर २००७ रोजी आणि युरोपात मार्च २००८मध्ये. कथेची वळणं आधी कळलेली चालत नसतील त्यांनी तिसरं पत्र सोडून पुढे जावं.

प्रश्न : ताई, समीक्षांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिक या साइटवर 'पाथ ऑफ रेडियन्स'ला ८५, 'रेडियंट डॉन'ला ७८ आणि मालिकेतल्या नंतरच्या 'अवेकनिंग'ला ९२. आकडे समोर असताना तुम्ही मधल्याची बाजू का घेता? दुसरा भाग घसरला, असं सरळ म्हणा ना.

उत्तर : आकडे बरोबर आहेत. पण मेटाक्रिटिकचा आकडा ही साधी सरासरी नसते. कुठल्या समीक्षेला किती वजन द्यायचं हे ती साइट स्वतः ठरवते आणि ते वजन जाहीर करत नाही. गेम्ससाठी ७५च्या वर हिरवा रंग, म्हणजे ७८ही हिरव्यातच येतो. 'पडला' म्हणावं असं काही घडलेलं नाही. तरी ८५वरून ७८ हा उतार खरा आहे आणि त्याला कारणं आहेत, हे मान्य.

त्या वेळच्या समीक्षांमध्ये कौतुक जवळजवळ एकसुरात होतं : डावपेचांची खोली, नकाशांचं वैविध्य, उंच कड्यावरून खालच्या शत्रूवर वार करताना मिळणारा फायदा, सत्तरहून जास्त पात्रांची फौज, पात्रांना दोनदा बढती देऊन तिसऱ्या पायरीपर्यंत नेता येणं. तक्रारीही पुन्हा पुन्हा त्याच. गेम दिसतो गेमक्यूबवरचाच. वीच्या रिमोटसाठी त्यात काहीच नाही. कथा नवख्याला कळत नाही. पात्रांमधले संवाद पातळ झाले. आणि फार अवघड आहे.

आता यातल्या काही तक्रारी गेमबद्दल आहेत, काही त्या वर्षाबद्दल. वी २००६च्या अखेरीस आलं ते हात हलवून टेनिस आणि बोलिंग खेळायचं यंत्र म्हणून. वर्षभर सगळी चर्चा त्याचीच. अशा वेळी रिमोट आडवा धरायचा, बटणं दाबायची आणि चौकटीत सैनिक सरकवायचे, असा गेम आला. अमेरिकेत तो ज्या आठवड्यात दुकानात पोहोचला त्याच आठवड्यात 'कॉल ऑफ ड्यूटी ४' आला, पुढच्या आठवड्यात 'सुपर मारिओ गॅलेक्सी' आणि 'असॅसिन्स क्रीड', त्याच महिन्यात 'मास इफेक्ट'. त्यातल्या मारिओला मेटाक्रिटिकवर ९७ आहेत. तोच कन्सोल, तोच महिना, त्याच समीक्षकाच्या टेबलावर शेजारी शेजारी पडलेल्या दोन डिस्क. एकीत ग्रहांवर उड्या, दुसरीत भाला तलवारीवर किती टक्के लागेल याचं गणित. दुसरीला 'जुनाट' हा शब्द चिकटला नसता तरच नवल.

'जुनाट' हा शेरा मला चुकीचा वाटत नाही. गेम दिसायला खरंच मागच्या पिढीचा आहे. अधूनमधून येणारे व्हिडिओ देखणे आहेत, ते संपले की पुन्हा तेच ठोकळेबाज सैनिक. पण सात गुणांचा उतार नुसत्या दिसण्याने झाला, हे मला पटत नाही. माझ्या मते त्यातला मोठा वाटा 'फार अवघड' या तक्रारीचा आहे. तिच्यावर पुढचं पत्र नेमकं बोट ठेवतं.

प्रश्न : मी मुळीच नवखा नाही. गेमबॉय अॅडव्हान्सवरचे इंग्रजीत आलेले दोन्ही 'फायर एम्ब्लेम' पूर्ण केलेत. सवयीने 'नॉर्मल' निवडला आणि सुरुवातीच्या लढायांतच एडवर्ड मेला, मग लिओनार्डो, मग पुन्हा एडवर्ड. समीक्षकही 'नॉर्मलसुद्धा निर्दयी' म्हणतात. माझंच डोकं चालेनासं झालंय की गेमच तसा आहे?

उत्तर : तुमचं डोकं शाबूत आहे. तुम्ही 'नॉर्मल' खेळतच नव्हता.

जपानी आवृत्तीत काठिण्याच्या तीन पायऱ्या आहेत : नॉर्मल, हार्ड आणि मॅनिअॅक. इंग्रजी आवृत्ती करताना त्याच तीन पायऱ्यांना नवी नावं दिली गेली : ईझी, नॉर्मल, हार्ड. म्हणजे जपानी खेळाडू ज्याला 'हार्ड' समजून, दात-ओठ खात सुरुवात करतो, तेच अमेरिकेतला खेळाडू 'नॉर्मल' म्हणून, आरामात मांडी घालून उघडतो. आणि जपानी माणसाचं साधं, रोजचं 'नॉर्मल' पश्चिमेत 'ईझी' या पाटीखाली गेलं. चार गेम खेळलेला कुठला शहाणा माणूस ती पाटी स्वतःहून निवडेल?

समीक्षक तर नाहीच निवडणार. त्याला वाचकांपुढे 'मी ईझीवर खेळून हे लिहिलंय' असं सांगायचं नसतं. तो 'नॉर्मल' घेतो, कारण गेम बनवणाऱ्यांनी सर्वसाधारण खेळाडूसाठी तीच पायरी ठरवली असणार असं तो गृहीत धरतो. गृहीतक वाजवी आहे. इथे मात्र ते लागू पडत नव्हतं. त्यातून त्याला लेख वेळेत द्यायचाय. या मालिकेत एक आवडता सैनिक मेला की बहुतेक लोक लढाई पहिल्यापासून सुरू करतात. चाळीस-पन्नास तासांचा गेम, वर असे पुन्हा पुन्हा आरंभ. अशा माणसाने 'अवघडपणाचा तोल गेलाय' असं लिहिलं, तर ते त्याने खेळलेल्या गेमबद्दल खरंच आहे.

आणि सुरुवातच अशी रचलेली आहे की पाटीचा घोळ लगेच अंगावर येतो. बहुतेक 'फायर एम्ब्लेम'मध्ये पहिल्या दिवसापासून एखादा अनुभवी घोडेस्वार सोबत असतो. तो ढाल बनून उभा राहतो आणि त्याच्या आडोशाला पोरं वाढतात. इथे काय आहे? मिकाया, पहिल्या भागाची नायिका, जी दोन फटक्यांत आडवी होते आणि ती आडवी झाली की खेळच संपतो. तिची खासियत काय, तर स्वतःचं रक्त आटवून दुसऱ्याची जखम भरणं! एडवर्ड, चपळ पण अंगात दम नाही. लिओनार्डो, धनुर्धारी, म्हणजे शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या शत्रूला साधं उत्तरही देऊ शकत नाही. नोलन तेवढा भरवशाचा. मग सोथ येतो आणि हायसं वाटतं, पण सगळे बळी त्यानेच घेतले तर अनुभवाचे गुण त्याच्याकडे जातात आणि बाकीची टोळी उपाशी राहते.

मला हा भाग आवडतो. डाइन हा हरलेला देश आहे, बेग्निअनच्या साम्राज्याने तो व्यापलाय, आणि ही चारदोन पोरं गल्लीबोळांतून पळत पळत बंड उभारतायत. तेव्हा हातात दुबळे सैनिक असणं हे कथेला धरूनच आहे. प्रत्येक दरवाजा, प्रत्येक अरुंद गल्ली मोलाची वाटते. पण हे कळायला डोकं शांत हवं, आणि 'नॉर्मलवर मला हे जमत नाही' असं वाटणाऱ्या माणसाचं डोकं शांत नसतं.

आणखी एक गोष्ट समीक्षकांनी बरोबर पकडली होती, ती मी नाकारणार नाही. अवघडपणा सरळ चढत जात नाही. गेमची कथा चार भागांत आहे. त्यातल्या पहिल्या भागात घाम निघतो. तिसऱ्या भागात आइकची, म्हणजे 'पाथ ऑफ रेडियन्स'च्या नायकाची, भाडोत्री सैनिकांची तुकडी हातात येते आणि अचानक तुम्ही रणगाडा चालवताय असं वाटतं. त्यातला ड्रॅगनस्वार हार तर एकटाच अर्धा नकाशा साफ करतो. मग मध्येच पुन्हा मिकायाची टोळी, बऱ्याच काळाच्या गैरहजेरीनंतर, तशीच अशक्त. हा चढउतार पाटी कुठलीही लावली तरी राहतो. माझं म्हणणं एवढंच की जपानी 'नॉर्मल'वर तो खड्ड्यांचा रस्ता वाटतो, आणि पाश्चात्त्य 'नॉर्मल'वर दरी.

तुम्ही 'ईझी'वर जा. कमीपणा मानू नका, जपानी पेटीवर त्यालाच 'नॉर्मल' म्हणतात. आणि सर्वांत वरच्या पायरीकडे तर फिरकूसुद्धा नका. तिथे तलवार कुऱ्हाडीला भारी, कुऱ्हाड भाल्याला, भाला तलवारीला हा मालिकेचा मूळ नियमच काढून टाकलाय. शत्रू कुठवर पोहोचू शकतो हे रंगवून दाखवणारी सोयही नाही. प्रत्येक शत्रूची चौकट बोटाने मोजायची. मला ते डावपेच वाटत नाहीत, हिशेबनिसाची नोकरी वाटते.

प्रश्न : कथेबद्दल दोन टोकांची मतं वाचली. समीक्षक म्हणतात, विस्कळीत आहे. मालिकेचे चाहते म्हणतात, सगळ्यांत खोल हीच. दोन्ही कसं खरं असेल?

उत्तर : कारण कथा चार भागांत आहे आणि प्रत्येक भागात तुम्ही वेगळ्याच माणसांच्या बाजूला असता. पहिला भाग मिकायाचा. दुसरा राणी एलिन्सियाचा, तोही छोटासा : तिच्याच राज्यातला एक सरदार बंड करतो आणि ती हातातली सत्ता कशी वापरायची हे शिकते. (दुसऱ्या भागाचा शेवट, जिथे लुसियाला फासावर चढवतायत आणि एलिन्सिया तरीही बंडखोरांपुढे झुकायला नकार देते, तो या मालिकेतला माझा सर्वांत आवडता प्रसंग. युद्धाच्या गेममध्ये राज्यकर्त्याचं दुखणं इतकं नीट क्वचितच दिसतं.) तिसऱ्या भागात आइक लागूझ म्हणजे पशुरूप घेऊ शकणाऱ्या जमातींच्या बाजूने साम्राज्याविरुद्ध उतरतो. आणि इथेच गेम तुमचा गळा धरतो. डाइनला साम्राज्याच्या बाजूने लढणं भाग पाडलं जातं. म्हणजे पहिल्या भागात तुम्ही ज्यांना जिवापाड जपून मोठं केलंत, तीच पोरं आता नकाशाच्या पलीकडच्या टोकाला शत्रूच्या रंगात उभी. एका लढाईत मिकाया तुमच्या हातात असते आणि आइक समोरून चालून येतो. दुसरीत आइक तुमच्या हातात आणि समोर तुम्हीच वाढवलेला नोलन, तुम्हीच दिलेली कुऱ्हाड घेऊन. तिथे तो मेला तर मेला.

तिसऱ्या भागाच्या शेवटच्या लढाईत जिंकण्याची अट पाहा. राजाला मारा नाही, किल्ला घ्या नाही. दोन्ही बाजूंचे मिळून ८० जण पडेपर्यंत लढाई चालते. गेम मुडदे मोजतो. कुणाचे, हे त्याला महत्त्वाचं नाही. कथेत त्याचं कारण आहे, ते इथे फोडत नाही. पण डावपेचांच्या गेममध्ये जिंकण्याच्या अटीनेच युद्धाबद्दल इतकं बोलावं, हे मला फार थोड्या ठिकाणी भेटलंय. त्या काळच्या समीक्षांमध्ये या अटीवर मला हवं तेवढं लिहिलेलं सापडत नाही. बहुतेकांनी दृष्टिकोन सारखा बदलतो, जीव लावलेली पात्रं मध्येच गायब होतात, असं नोंदवलं आणि ते पुढे गेले. तीही तक्रार खोटी नाही. मिकायाच्या टोळीला कथा इतका काळ विसरते की परत भेटल्यावर काहींची नावंही आठवत नाहीत.

विस्कळीतपणाला आणखी एक कारण आहे आणि त्यात पुन्हा भाषांतराच्या टेबलावरचा एक निर्णय येतो. जपानी आवृत्तीत संहिता दोन आहेत. खालच्या पायरीवर आटोपशीर संवाद, वरच्या दोन पायऱ्यांवर त्याच प्रसंगांचे लांब, कारणं उलगडणारे संवाद. इंग्रजीत गेली ती फक्त आटोपशीर संहिता, सर्व पायऱ्यांना तीच. डाइनच्या राजाने केलेल्या रक्ताच्या करारापायी सगळा देश वेठीला धरला जातो, हा कथेचा कणा आहे आणि इंग्रजीत तो घाईघाईत उरकल्यासारखा वाटतो. म्हणजे पाश्चात्त्य समीक्षकाला जपान्यांच्या 'हार्ड'चा मार मिळाला आणि 'नॉर्मल'ची गोष्ट. असा सौदा कुणाच्या वाट्याला आला तर त्याच्याकडून ८५ची अपेक्षा कशी करायची?

तरी सगळं खापर भाषांतरावर फोडता येत नाही. चौथ्या भागात देवी जागी होते, माणसं दगड होतात, आणि दोन देशांमधलं ते कडवट, उत्तर नसलेलं भांडण एकदम बाजूला सारलं जातं. सगळे मिळून एका मनोऱ्यावर चढतात. तिसऱ्या भागाने जो प्रश्न विचारला त्याला चौथा भाग उत्तर देत नाही, वर बघायला लावतो. इथे मी समीक्षकांच्या बाजूने आहे.

प्रश्न : 'सपोर्ट' संवाद, म्हणजे दोन पात्रांची मैत्री वाढवणारे संवाद, बिघडवले, असं सगळेच म्हणतात. एवढं काय मोठं त्यात?

उत्तर : बरंच मोठं. 'पाथ ऑफ रेडियन्स'मध्ये ठरावीक जोड्यांनाच एकमेकांशी मैत्री करता यायची, पण प्रत्येक जोडीचे संवाद स्वतंत्र लिहिलेले होते. कोण का चिडका आहे, कोणाचा बाप कुठल्या लढाईत गेला, हे तिथे कळायचं. आणि ते कळल्यावर तो माणूस मेला की जास्त लागायचं. कायमच्या मरणाचा नियम आणि हे संवाद ही एकाच यंत्राची दोन चाकं आहेत.

'रेडियंट डॉन'ने कोणाचीही कोणाशीही जोडी जुळवायची मोकळीक दिली. सत्तरहून जास्त पात्रं, म्हणजे जोड्या हजारोंच्या घरात. इतके संवाद कोण लिहिणार? मग दोन-तीन ओळींची ठरीव वाक्यं आली : "काळजी घे", "मी आहे तुझ्या मागे". लढाईच्या दृष्टीने उपयोगी, माणूस म्हणून पोकळ. समीक्षकांची ही तक्रार त्या वेळीही बरोबर होती आणि आजही आहे. छावणीतले संवाद काही प्रमाणात भरपाई करतात, पण ते गेमला हवे तेव्हा येतात, तुम्हाला हवे तेव्हा नाहीत. फिओना किंवा मेगसारख्या पात्रांचं तर दुहेरी नुकसान झालं : लढाईत कमजोर, आणि जीव लावावा असे संवादही नाहीत. माझ्या वहीत त्यांच्यापुढे 'राखीव' असा शेरा आहे आणि तो कधी बदलला नाही.

प्रश्न : वीचा रिमोट वापरून तलवार फिरवता आली असती तर गुण वाढले असते का?

उत्तर : एखाददोन वाढलेही असते. आणि आज आपण सगळे त्यालाच शिव्या घालत असतो.

प्रश्न : हल्ली जिकडेतिकडे 'रेडियंट डॉन' हा दुर्लक्षित हिरा असल्याचं वाचायला मिळतं. मग २००७चे समीक्षक चुकले होते, की आताचे चाहते भावनेच्या भरात बोलतायत?

उत्तर : २००७ साली ज्याने लिहिलं त्याला हा गेम कामाचा भाग म्हणून खेळावा लागला, आवडो न आवडो. आज जो लिहितो तो जुनं कन्सोल शोधतो, आधी 'पाथ ऑफ रेडियन्स' पूर्ण करतो, त्याची मेमरी कार्डवरची नोंद इथे आणून जुन्या पात्रांना वाढीव ताकद मिळवून देतो. पाटीचा घोळ त्याला आधीच ठाऊक असतो. इतकी पायपीट करणारा माणूस गेमवर प्रेम करायचं ठरवूनच आलेला असतो. ज्यांना तो नकोसा झाला त्यांनी पहिल्याच भागात डिस्क काढून ठेवली आणि ते काही लिहीत नाहीत. तेव्हा आजचं 'हिरा' मलाही थोडं फुगवलेलं वाटतं.

पण चाहत्यांनी एक मोलाचं काम केलं. त्यांनी जपानी संहिता आणि इंग्रजी संहिता शेजारी ठेवून वाचल्या, पायऱ्यांची नावं तपासली. हे त्या वेळच्या समीक्षकाला आठवड्याभरात करणं शक्यच नव्हतं. आणि गंमतही त्यांनीच जपली. तिसऱ्या भागातल्या तेराव्या लढाईत तुमच्या बाजूने एक बिननावाचा धनुर्धारी असतो, गेम स्वतःच चालवतो त्याला. हा पठ्ठ्या इतके शत्रू टिपतो की खेळाडूंनी त्याला नायकाचा दर्जा देऊन टाकलाय. कुठल्याही समीक्षेत त्याचा उल्लेख नसेल, पण हा गेम आवडलेल्या कुणालाही विचारा.

मालिका चालवणाऱ्यांनी मात्र समीक्षाच ऐकली असं पुढचं पाहून वाटतं. जपानात २०१०च्या, डीएस या निन्टेन्डोच्या हातात धरायच्या यंत्रावरच्या गेममध्ये 'कॅज्युअल' पर्याय आला : सैनिक पडला तर त्या लढाईपुरताच बाहेर, पुढच्या लढाईला हजर. २०१२च्या 'अवेकनिंग'मध्ये तो पर्याय जगभर गेला आणि जोड्यांचे स्वतंत्र, लांबलचक संवादही परतले. अडीच लाख प्रतींच्या खाली विक्री गेली तर मालिका बंद, असं तेव्हा स्टुडिओला बजावलं होतं, हे निर्माते हितोशी यामागामी यांनी नंतर मुलाखतीत सांगितलं. तो गेम चालला आणि मालिका वाचली. 'रेडियंट डॉन'वरच्या दोन सर्वांत मोठ्या तक्रारी म्हणजे अवघडपणा आणि संवाद, नेमक्या याच दोन गोष्टी दुरुस्त झाल्या. तेव्हा त्या समीक्षकांना मी वाईट म्हणणार नाही. त्यांनी दुखणं अचूक सांगितलं, कारण तेवढं अर्धवट ओळखलं.

युद्धाच्या दोन्ही बाजू खेळायला लावण्याचं धाडस मात्र 'अवेकनिंग'मध्ये उरलं नाही, याची मला खंत आहे. त्याबद्दल तेव्हा कुणी भरभरून लिहिलं असतं तर कदाचित तेही टिकलं असतं.

प्रश्न : ताई, मी अकरावीत आहे. मला 'पाथ ऑफ रेडियन्स' न खेळता थेट 'रेडियंट डॉन' खेळायचाय. चालेल का? आणि सुरुवातीला मरू नये म्हणून काही सांगा.

उत्तर : चालेल, पण तिसऱ्या भागात पंधरा अनोळखी माणसं एकदम येऊन 'ओळखलंस का?' अशा थाटात तुझ्याशी बोलायला लागतील, ते सहन कर. आधीच्या गेमची कथा कुठेतरी सारांशात वाचून घे, तेवढ्यावर भागतं. काळ्या चिलखतातला शूरवीर कोण, हे मात्र आधी शोधू नकोस.

आता कामाचं. पायरी 'ईझी', का ते वर लिहिलंय. नोलनला पुढे ठेव, एडवर्डला त्याच्या मागून आणून वार कर आणि परत आडोशाला घे. सोथने शत्रूला अर्धमेला करायचा आणि शेवटचा घाव इतरांनी घालायचा, म्हणजे अनुभव वाटला जातो. मिकायाचं 'थानी' हे पुस्तक चिलखतवाल्यांवर आणि घोडेस्वारांवर जबर चालतं, ते किरकोळ शिपायांवर उधळू नकोस. लढाईच्या मध्ये सेव्ह करता येतं, ते वापर. पण एकाच जागी सेव्ह करत राहिलास आणि त्या क्षणी कुणीतरी मरणाच्या दारात उभा असेल, तर अडकशील. दोन जागा आलटून पालटून वापर.

आणि लढाईनंतर मिळणारे बोनस अनुभवाचे गुण घाईने वाटून टाकू नकोस. त्यातून लेव्हल वाढली की बरोबर तीनच गुण वाढतात, कमी नाही, जास्त नाही. म्हणून ज्याची ताकद-चपळाई आधीच टोकाला पोहोचलीय अशाला ते दे. त्याचे ते तीन गुण मग आपोआप त्याच्या दुबळ्या बाजूंना जातात, बचाव, नशीब वगैरे. सुरुवातीला हे कुणालाच लागू नसतं, तेव्हा साठवून ठेव.